जत्रेतलं नाव आणि आठशे रुपयांची ट्यूब

त्याने हात टेबलावर ठेवला आणि मान दुसरीकडे फिरवली. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, हळदीने पिवळं झालेलं फडकं गुंडाळलेलं होतं. ते सलाइनने भिजवून सोडवायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली, कारण कापूस आणि जखम एक झाले होते. फडक्याखाली टूथपेस्टचा वाळलेला थर, त्याखाली हळद, आणि सगळ्यात खाली तीन इंच लांब, दीड इंच रुंद असा करडा-तपकिरी पट्टा, चामड्यासारखा कडक. पट्ट्याच्या मधोमध निळसर काळी अक्षरं अजून वाचता येत होती. 'आई'. त्याखाली हृदयाच्या ठोक्यांची वरखाली जाणारी रेघ.

मुलगा २१ वर्षांचा. बरोबर त्याची आई आली होती, ती दाराशीच थांबली होती. अक्षरं दिसली तशी ती म्हणाली, "माझंच नाव जाळून घेतलं की ओ ह्यानं."

त्याला इथे सागर म्हणते. खरं नाव आणि गाव गाळलं आहे, आणि हे सगळं लिहायला त्याने स्वतः होकार दिला आहे. सातारा जिल्ह्यात मी सतरा वर्षं त्वचारोगाची ओपीडी चालवते. टॅटू घालवायला जाऊन भाजलेले हात दरवर्षी दोन-चार तरी बघते. सागरचंच प्रकरण निवडलं, कारण ते चार ठिकाणी थांबू शकलं असतं. जत्रेत, भरतीच्या मैदानावर, टॅटू घालवायच्या मलमाची ट्यूब मागवताना आणि ती लावली त्या रात्री. चारही ठिकाणी त्याला एक साधं वाक्य सांगणारं कुणी नव्हतं.

जत्रा

गोंदण आमच्याकडे नवं नाही. सागरच्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके आहेत, हातावर तुळस आहे. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर सोबत येतं, असं ती आजही सांगते. त्यामुळे बारावीची परीक्षा संपल्यावर सागर दोन मित्रांबरोबर जत्रेत गेला आणि आईचं नाव गोंदवून आला, तेव्हा घरात कुणी रागावलं नाही. उलट आई दोन दिवस शेजारणींना दाखवत होती.

मी त्याला ते दहा मिनिटांचं काम सावकाश आठवून सांगायला लावलं. छत्रीखाली स्टुलावर बसलेला माणूस. बॅटरीवर चालणारं मशीन. शाई बाटलीच्या झाकणात ओतलेली. आधी एका मित्राचा बदाम, मग दुसऱ्याच्या नावाचं आद्याक्षर, तिसरा सागर. सुई मधे बदलली का? नाही, जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून फडक्याने पुसली. झाकणातली शाई बदलली का? त्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "संपत आली तशी वरून ओतली."

लोक सुईबद्दल विचारतात, शाईच्या झाकणाबद्दल कुणी विचारत नाही. सुई प्रत्येक टोच्याला कातडीत जाते, रक्ताला लागते आणि पुन्हा शाईत बुडते. म्हणजे पहिल्याच्या रक्ताचा अंश त्या झाकणात उतरला. पुढच्याला कोरी सुई लावली तरी ती त्याच शाईत बुडणार. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सीवर लस नाही. एचआयव्ही बाहेर इतका टिकत नाही, पण एका मागोमाग एक तीन हात त्याच सुईखाली जातात तेव्हा सात दिवसांचा नाही, दोन मिनिटांचा प्रश्न असतो.

म्हणून जखमेवर उपचार सुरू करतानाच मी त्याच्या तिन्ही तपासण्या पाठवल्या. गोंदवून अडीच वर्षं झाली होती, त्यामुळे संसर्ग असता तर तो दिसायला पुरेसा काळ गेला होता. तिन्ही निगेटिव्ह आल्या. हिपॅटायटिस बीची लस त्याला लहानपणी मिळालेली नव्हती. ती सरकारी लसीकरणात देशभर पोचायला २०११ उजाडलं, आणि त्या आधी जन्मलेल्या कितीतरी मुलांना ती घेतल्याचं आठवत नाही, कारण घेतलेलीच नसते. त्याचा पहिला डोस त्याच आठवड्यात दिला, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. त्याच्या दोन मित्रांनाही तपासणीला पाठव म्हणून सांगितलं. एक आला. दुसऱ्याला मी अजून निरोप पाठवते आहे.

मैदान

सातारा जिल्ह्यात फौजेत जाणं ही घराघरातली गोष्ट आहे. आपशिंगे मिलिटरी हे तर गावाचं नावच आहे. सागर पहाटे पाचला अकॅडमीच्या मैदानावर असायचा, सोळाशे मीटरची वेळ सेकंदासेकंदाने खाली आणत होता. त्याने दोन फॉर्म भरले होते, एक लष्कराच्या अग्निवीर भरतीचा आणि एक केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या शिपाई पदाचा. एका सकाळी प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, हातावर टॅटू असलेल्यांनी फॉर्मचे पैसे वाया घालवू नयेत, मेडिकलला बाहेर काढतात. मुलं हसली. सागरने त्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालायला सुरुवात केली.

खरा नियम काय आहे? लष्कराच्या भरतीच्या अधिसूचनेत कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्या जागी कायमचा टॅटू चालतो. शरीरावर बाकी कुठे असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. परंपरेने गोंदवून घेणाऱ्या आदिवासी समाजांसाठी वेगळी सवलत आहे. केंद्रीय पोलीस दलांचा नियम जास्त कडक. हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू चालतो तो डाव्या हाताचा, कारण सलाम उजव्या हाताने करतात. शिवाय त्याचा आकार हाताच्या त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान लागतो, आणि मजकूर नाव किंवा धार्मिक चिन्ह असा.

म्हणजे सागरचं 'आई' लष्करासाठी जागच्या जागी चालत होतं. अडचण फक्त दुसऱ्या फॉर्मची होती. लष्कराची ती अधिसूचना त्याच्याच मोबाइलमध्ये पीडीएफ म्हणून पडून होती. मी ती त्याच्यासमोर उघडली, तो परिच्छेद काढून त्याला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला आणि मोबाइल उलटा ठेवला. त्या वेळी मला ते त्याला दाखवायला नको होतं असं वाटलं, आजही वाटतं. नियम बदलतात, म्हणून फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाने चालू वर्षाची अधिसूचना स्वतः वाचावी. पण मैदानावर ऐकलेलं एक वाक्य हा नियम नव्हे, हे त्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

ट्यूब

लेझरची चौकशी त्याने केली होती. शहरातल्या एका ठिकाणी "सात-आठ बैठका, एकेकीचे चार हजार" असं सांगितलं. भरतीला दोन महिने होते. मग मोबाइलवर जाहिरात आली. सुईशिवाय, दुखल्याशिवाय, पंधरा दिवसांत टॅटू गायब. किंमत ७९९ रुपये, घरपोच.

दुसऱ्या भेटीला ती पेटी घेऊन ये म्हणाले, तशी त्याने आणली. हिरव्या पानांचं चित्र, 'हर्बल' हा शब्द तीनदा. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असणं कायद्याने बंधनकारक आहे, बाहेरून आलेला माल असेल तर नोंदणी क्रमांकही. या पेटीवर यातलं काहीच नव्हतं. आत वीस ग्रॅमची ट्यूब, एक लाकडी चमचा आणि मोडक्या हिंदीतलं पत्रक. पत्रकातली एक ओळ मी वहीत उतरवून घेतली आहे. जळजळ होणे म्हणजे औषध काम करत आहे, घाबरू नये.

ट्यूबमध्ये थोडं मलम उरलं होतं. आमच्या लॅबमधल्या आम्लता मोजायच्या पीएच कागदाला लावलं, तर कागद लगेच गडद लाल झाला. पीएच एकच्या आसपास, म्हणजे तीव्र आम्ल. त्यात कोणतं आम्ल होतं हे मी ठामपणे सांगू शकत नाही, पण हाताची जखम आम्लाचीच होती. अशा काही मलमांत ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल सापडतं. हेच आम्ल आम्ही त्वचारोगतज्ज्ञ सौम्य प्रमाणात, घड्याळ लावून, डोळ्यासमोर वापरतो. पन्नास टक्क्यांच्या आसपास गेलं की ते व्रण ठेवून जातं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टॅटू काढणारं एकही मलम किंवा घरगुती किट आजवर मंजूर केलेलं नाही, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या, कातडी सोलणाऱ्या तीव्र आम्लांच्या 'पील'विरुद्ध जुलै २०२४ मध्ये लोकांना उघड इशारा दिला.

हे मलम का चालत नाही, आणि कधीच का चालणार नाही, हे समजून घ्यायला कातडीत शाई कुठे बसते ते पाहावं लागतं. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो. शाई तिथे असती तर टॅटू महिन्यात गेला असता. ती बसते त्याखालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात आणि तशाच बसून राहतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी मरतात तेव्हा शाई मोकळी होते आणि शेजारच्या ताज्या पेशी ती पुन्हा गिळतात. एकीच्या हातून दुसरीच्या हाती. टॅटू आयुष्यभर राहतो तो असा.

आता वरून लावलेल्या मलमाला त्या खोलीपर्यंत पोचायचं तर दोनच मार्ग. एकतर ते पोचत नाही आणि पैसे जातात. नाहीतर मधली सगळी कातडी जाळत पोचतं. शाईला ओळखून कातडी सोडून देणारं मलम जगात नाही. आमच्याकडच्या गावठी उपायांचंही तेच. चुना-सोड्याचा लेप, बिब्ब्याचं तेल, कोकणात काजूच्या टरफलाचं तेल. चुना तर आम्लापेक्षा वाईट, कारण आम्ल निदान वरची प्रथिनं साकळून स्वतःची वाट थोडी अडवतं, क्षार मात्र विरघळवत खाली उतरत राहतो.

त्या रात्री

पत्रकात आधी कातडी "मोकळी" करा असं होतं. सागरने न्हाणीघरातली पाय घासायची वजरी घेतली आणि अक्षरांवर घासली, रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत. मग चमच्याने मलम लावलं. मिनिटभरात कातडी पांढरी पडली, तांदळाच्या पिठाने सारवल्यासारखी. त्याला वाटलं, शाई निघाली. वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि दात आवळून झोपला. पहाटे तीनला आग सहन होईना तेव्हा पिशवी काढली. पाणी लावलं नाही, कारण पत्रकात पाणी लावू नका असं होतं. सकाळी आईने पाहिलं. तिने हळद लावली, शेजाऱ्याने टूथपेस्ट सांगितली. चौथ्या दिवशी ताप आला, तेव्हा ते माझ्याकडे आले.

कातडी पांढरी पडणं ही शाई निघाल्याची खूण नाही. कातडीतली प्रथिनं शिजल्याची ती खूण आहे. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग जसा होतो, तसं. त्या क्षणी वाहत्या नळाखाली हात धरून वीस मिनिटं धुतला असता, तर जखम बहुधा इतकी खोल गेली नसती. वीस मिनिटं म्हणजे खरोखर वीस, घड्याळ लावून. आम्ल पडलं म्हणून त्यावर खायचा सोडा टाकायचा नाही. हळद नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही. स्वच्छ पाणी, मग स्वच्छ कोरडं फडकं, आणि दवाखाना.

वजरीने वरचा थर खरवडलेला, वरून प्लास्टिकचं झाकण आणि सहा तास. तिन्ही गोष्टींनी आम्लाला खोल जायला मदतच केली. जखम दुसऱ्या दर्जाची, खोलवरची होती. मेलेला पट्टा टप्प्याटप्प्याने काढला, प्रतिजैविकं दिली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, एक दिवसाआड ड्रेसिंग. मधल्या अंगठ्याएवढ्या भागाला त्वचारोपण लागेल का म्हणून तिसऱ्या आठवड्यात प्लास्टिक सर्जनना दाखवलं. लागलं नाही. जखम भरायला सहा आठवडे लागले. तोवर भरतीची तारीख निघून गेली.

त्यानंतर जे झालं ते मी त्याला आधीच सांगितलं होतं, तरी त्याला बसलेला धक्का कमी झाला नाही. तिसऱ्या महिन्यात व्रण उचलला. लालसर, ताठ, दोरखंडासारखा, रात्री खाजणारा. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत असे व्रण वाढायची प्रवृत्ती जास्त असते. सिलिकॉनची पट्टी रोज बारा तास, दर महिन्याला व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन. आठ महिन्यांत तो बराचसा बसला. कडेची कातडी काळी पडली, मधली पांढरी राहिली. आणि त्या पांढऱ्या व्रणातून शाईची रेघ अजून दिसते. 'ई'चा वरचा फटकारा आणि ठोक्यांच्या रेघेचं एक टोक. आम्लाने कातडी नेली, शाई पूर्ण नेलीच नाही.

याची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते, कारण जत्रेतलं ते गोंदण लेझरसाठी सोपं होतं. काळी शाई लेझरला सगळ्यात चांगला प्रतिसाद देते. हौशी हातांनी केलेल्या टॅटूत शाई कमी असते, त्यामुळे तो स्टुडिओतल्या गच्च भरलेल्या टॅटूपेक्षा लवकर फिका होतो. त्याला सात-आठ बैठका सांगितल्या होत्या, माझ्या अंदाजाने चार-पाचात भागलं असतं. लेझर शाई पुसत नाही. अब्जांश सेकंदाच्या ठोक्यात शाईच्या कणाचे तुकडे करतो, आणि ते तुकडे शरीर स्वतः हळूहळू वाहून नेतं. म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात, आणि पंधरा दिवसांचा वायदा करणारा माणूस खोटं बोलतो हे तिथेच कळतं. आपल्या रंगाच्या कातडीला लेझरची १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण ती कातडीच्या स्वतःच्या रंगाला कमी धरते. लेझरनेही डाग पडू शकतात, फोड येतात. हिरवा आणि पिवळा रंग चिवट असतो. पांढऱ्या किंवा कातडीच्या रंगाच्या शाईवर लेझर मारला तर ती काळी पडू शकते, म्हणून आधी छोट्या ठिपक्यावर चाचणी करतात. पार्लरमध्ये केस काढायला वापरतात ते प्रकाशाचं यंत्र टॅटूवर कधीच मारून घेऊ नये, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या 'लेझर पेन'बद्दलही माझं मत या ट्यूबइतकंच वाईट आहे.

सागरच्या व्रणावर आता लेझर करायचा तर वर्ष थांबावं लागेल, आणि व्रणात अडकलेली शाई हलायला जास्त बैठका लागतील. मलमाची तक्रार मी आपल्याकडच्या अन्न व औषध प्रशासनाकडे पेटीच्या फोटोंसकट पाठवली. सागरने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. विक्रेत्याने ७९९ रुपये परत केले. आईने ते देव्हाऱ्यात ठेवले आहेत, खर्चायचे नाहीत म्हणते.

दोन स्टुडिओ

हे प्रकरण इथे संपलं असतं, पण दिवाळीच्या आधी सागरचा फोन आला. त्याची चुलत बहीण पुण्यात बारावीला आहे. आजीच्या हातावरची तुळस तिला स्वतःच्या मनगटावर हवी होती. घरच्यांनी सागरला सांगितलं, तू जा तिच्याबरोबर, तुला कळतं. तो मला म्हणाला, "मॅडम, काय काय बघू तेवढं सांगा."

नको म्हणायचा मला मोह झाला. म्हटलं नाही, कारण तुळस हवीशी वाटण्यात चूक काहीच नाही. मी त्याला सांगितलं की आधी एक चक्कर नुसती बघायला मार, पैसे घेऊन जाऊ नकोस. भिंतीवरचं दुकानाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र पाहून खूश होऊ नकोस, ते सुईबद्दल काही सांगत नाही. टॅटूसाठी आपल्याकडे वेगळा केंद्रीय कायदा नाही, त्यामुळे तपासणारा तूच. दुसऱ्या कुणाचं काम चालू असेल तर पाच मिनिटं उभा राहून हात बघ. हातमोजे घातलेला हात मोबाइलला लागला, दाराच्या कडीला लागला आणि तसाच परत कातडीवर आला, तर तिथून निघ.

पहिल्या स्टुडिओत काचेचं दार, गाणी, भिंतभर फोटो. सागरने निर्जंतुकीकरणाचं विचारलं तर त्यांनी निळ्या उजेडाचं कपाट दाखवलं. त्या उजेडाने वरवरचे जंतू मरतात, पण खाचेत आणि नळीच्या आत तो पोचत नाही. पुन्हा वापरायची धातूची साधनं असतील तर ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे १२१ अंशांची दाबाखालची वाफ, निदान पंधरा मिनिटं, आणि त्याच्या चाचणीची वही. वही मागितल्यावर मालक हसला. मग म्हणाला, "आज केलंत तर तीस टक्के सूट." दोघं खाली उतरले.

दुसरा स्टुडिओ एका इमारतीत पहिल्या मजल्यावर, दोनच खुर्च्या. खोलीतच हात धुवायचं बेसिन. त्या कलाकाराने सुईचं कार्ट्रिज बंद पाकिटात सागरच्या हातात दिलं आणि स्वतःहून म्हणाला, तारीख बघा, पाकीट कुठे फुटलंय का बघा, तुमच्यासमोरच उघडीन. पाकिटावर बॅच क्रमांक, मुदत आणि निर्जंतुक केल्याची खूण होती. शाई प्रत्येकाला वेगळ्या छोट्या टोपीत, उरलेली फेकून. सागरने टोपीचं खास विचारलं, कारण जत्रेतलं झाकण त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. वापरलेल्या सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या जाड डब्यात. शाईच्या बाटल्यांवर उत्पादकाचं नाव आणि घटक होते. शाई कुठल्या कंपनीची हे कलाकाराने विचारताच सांगणं ही साधी गोष्ट आहे, पण महत्त्वाची. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून जास्त रसायनांवर निर्बंध घातले. नाव नसलेल्या बाटलीत त्यातलं काय आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सागरने फोटोही मागितले, ताजे नव्हे, भरून आलेले. ताजा टॅटू सगळ्यांचाच देखणा दिसतो. सहा महिन्यांनी रेघ फुटून पसरली की नाही यावरून हात कळतो. त्यांच्याकडे तसे फोटो वेगळे ठेवलेले होते.

फॉर्ममध्ये अॅलर्जी, रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह, गर्भधारणा, घरात कुणाचे व्रण वाढतात का, हे सगळं होतं. सागरचा हात पाहून कलाकाराने त्यावर नवं चित्र काढून झाकायची गोष्ट काढली नाही. व्रण पूर्ण बसू दे, डॉक्टरांना विचार, मग बोलू, एवढंच म्हणाला. संध्याकाळी हे फोनवर ऐकलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल फार बरं वाटलं.

फॉर्मच्या शेवटी वयाचा पुरावा होता. बहिणीचं आधार कार्ड पाहून त्याने कागद परत दिला. अठरा पूर्ण व्हायला तिला अडीच महिने होते. ती म्हणाली, आईबाबांची परवानगी आहे, फोन लावून देते. तो नाही म्हणाला. तिचा चेहरा उतरला, तसं त्याने तिने आणलेल्या फोटोवरून तुळशीचं स्टेन्सिल काढलं आणि नुसतंच मनगटावर उमटवून दिलं. जांभळ्या रेघांची तुळस, दोन दिवस राहील म्हणाला, पैसे घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी दोघं एसटीने गावाला आले.

आजीने तिचा हात खिडकीच्या उजेडात नेला. आपला हात शेजारी धरला, बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग म्हणाली, "वृंदावन बरं आलंय. पण खालचे दोन ठिपके राहिले की गं."

बहिणीने तो हात तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने आजीच्या हाताचा नवा फोटो काढून स्टुडिओला पाठवला.